दोऱ्यानं ओढलेलं दुखणं

रविवारी सकाळी पांडेसरा या मिलवस्तीतल्या मोकळ्या मैदानात दोनशे माणसं आणि पंधरा-वीस लंगडी जनावरं एका शेगडीभोवती दाटली होती. शेगडीमागे बसले होते हाडजोड महाराज. शिक्षण विचाराल तर भगवा फेटा.

समोर माझ्या शेजारच्या लोटू महाजनचा कुत्रा भुऱ्या किंचाळत होता. टेम्पोखाली त्याचा मागचा पाय मोडला होता. महाराजांनी मोडल्या जागेच्या वर पांढऱ्या दोऱ्याचे सात वेढे बांधले, तव्यावर तापवलेलं फडकं त्यावर दाबलं आणि म्हणाले, "बघा, दोरा आवळतोय. दुखणं दोऱ्यात शिरतंय."

दोरा खरंच आवळत होता. अर्ध्या तासात भुऱ्या गप्प झाला आणि लोकांचे हात आपोआप जोडले गेले. मी मराठी शाळेतला मास्तर, चमत्कार म्हटला की नाक मुरडणारा. पण तेव्हा मलाही ते खरं वाटलं.

महाराजांनी बजावलं: तासातासाला शेक द्या, सात दिवस दोरा सोडू नका. आधी सोडलात तर दुखणं घरातल्या माणसावर उतरेल. लोटूची मुलगी योगिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आठवा महिना. ही चौकशी महाराजांनी अगोदरच करून घेतली होती.

दुपारी मी लोटूकडे गेलो. भुऱ्या डोळे उघडे ठेवून निपचित पडला होता. पंजाला हात लावला तर गार. मला भीती वाटली. जनावरांच्या डॉक्टर शर्वरीबाईंना फोन केला. त्या स्कूटरवरून तडक आल्या. पंजात सुई टोचली, भुऱ्या हललासुद्धा नाही.

"पायात रक्त जायचं बंद झालंय. हा दोरा आत्ता निघाला नाही तर पाय कापावा लागेल," त्या म्हणाल्या.

लोटू आडवा आला. "मास्तर, दोरा राहू द्या. मन्ही पोर भरेल पोटनी शे."

मी संतापलो. डॉक्टर मात्र शांत राहिल्या. उरलेला दोरा महाराजांनी देवापुढे ठेवायला दिला होता, तो डॉक्टरांनी मागून घेतला. एका केळ्याला सैलसर बांधला आणि लोटूच्या बायकोला, सरलाबाईंना, त्यावर उकळतं पाणी ओतायला सांगितलं. पाणी पडताच दोरा आक्रसला आणि सालीत रुतला.

लोटू एकटक बघत राहिला. बारा वर्षं तो मिलमध्ये कापड तापवण्याच्या मशीनवर उभा आहे. रोज कापड आटतं डोळ्यांदेखत, आणि सकाळी याच माणसानं हात जोडले होते.

"हाऊ तं आमना मिलना दोरा शे," तो पुटपुटला. "कच्चा पॉलिस्टर. तापना का आटस."

धागे कापायची छोटी कात्री त्यानं स्वतःच आणली. एकेक वेढा तुटला. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग भुऱ्या जिवाच्या आकांतानं ओरडला.

"दुखणं परत उनं," म्हणत सरलाबाई योगिताला बिलगल्या.

"ओरडू द्या त्याला," डॉक्टर म्हणाल्या. "दोऱ्यानं पाय बधिर केला होता, बरा नव्हे. दुखतंय म्हणजे पाय जिवंत आहे."

योगितानं आईचे हात सोडवले आणि भुऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी मोडका पाय खपच्या लावून बांधला. पुढे भुऱ्याचं एक बोट गेलं, पाय वाचला. योगिताला महिन्यानं मुलगी झाली, सुखरूप.

लोकहो, गप्प झालेलं जनावर बरं झालं असं समजू नका. त्याच्या पंजाला हात लावून बघा. गार लागला तर दोरा कापा आणि डॉक्टर गाठा. घरावर काही उतरत नाही.