ट्रायंगलचे अकरा ठोके

छापखान्यात सगळे त्यांना फोरमन म्हणत आणि तेच नाव त्यांना घरीही चिकटलं होतं. बायको एरवी नुसतं "अहो" म्हणायची. रागावली की "अहो फोरमन". एकतीस वर्षं ते एकाच मशीनघरात उभे होते, आणि त्याहून जरा जास्त वर्षं एकाच सिंफनीच्या प्रेमात.

ती सिंफनी चार भागांची, पाऊण तासाच्या आतबाहेरची. फोरमनकडे तिची नऊ रेकॉर्डिंग होती आणि नवांची मिळून एक वही होती. वहीत प्रत्येक भागाची मिनिटं-सेकंदं, सनईसारखा ओबो फुंकणारा श्वास कुठे घेतो, हॉर्न कुठे दबतात, असं सगळं बारीक अक्षरात. कंडक्टरचं नाव आणि साल ते लिहीत, पण खरी ओळख टोपणनावाने. एक होता 'घाईवाला'. त्याने तिसरा भाग गाडी सुटायला आल्यासारखा उरकला होता. एक 'दुखवटा'. त्यातला संथ भाग इतका संथ, की मधे उठून चहा करून यावा आणि काही चुकलेलं नसावं. एक 'कवायत'. आणि चोविसाव्या वर्षी घेतलेली पहिली तबकडी म्हणजे 'मूळ पुरुष', कारण पुढच्या आठही जणांना त्यांनी तिच्याच मापाने मोजलं होतं.

प्रत्यक्ष सभागृहात ती सिंफनी त्यांनी दोनदाच ऐकली होती. पहिल्यांदा लग्न नवीन असताना, शेवटच्या रांगेत, खांबाआडून. दुसऱ्यांदा अकरा वर्षांपूर्वी, बाहेरगावचा ऑर्केस्ट्रा आला तेव्हा. हॉर्नवाला ऐन मोक्याच्या जागी घसरला आणि फोरमन आठवडाभर घरात धुमसत राहिले. "प्रत्यक्ष मैफल म्हणजे जुगार," असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं. "रेकॉर्डिंग म्हणजे छापून तयार झालेला फर्मा. चूक असली तरी कायमची, ओळखीची."

या सिंफनीच्या शेवटच्या भागात सगळा ऑर्केस्ट्रा एकदम उसळतो, आणि त्या गदारोळावर ट्रायंगल वाजतो. ट्रायंगल म्हणजे पोलादी सळई तीन कोनांत वाकवून केलेलं, दोरीला टांगलेलं वाद्य, बोटभर कांडीने वाजवायचं. अकरा ठोके. तरुणपणी फोरमनना तेवढ्या अकरा ठोक्यांसाठी पाऊण तास बसणं परवडत असे.

बिनसलं ते दोन वर्षांपूर्वी, याच ट्रायंगलवरून.

फोरमनच्या बायकोचा धाकटा भाऊ रेडिओवर ध्वनिमुद्रक होता. एका रविवारी तो जेवायला आला तो एक सीडी घेऊन. 'मूळ पुरुष'ची जुनी टेप साफ करून कंपनीने ती नव्याने काढली होती. तीच मैफल, तेच वादक, फक्त खरखर गेलेली. जेवण अर्धवट असतानाच फोरमननी तिचा शेवटचा भाग लावला. त्यांची तबकडी केव्हाचीच मंद वाजत होती. ट्रायंगल तर बरीच वर्षं अंधुक झाला होता. त्यांनी तीनदा सुई बदलली, एकदा स्पीकर बदलले, शेवटी तबकडीच झिजली असा निवाडा देऊन ते मोकळे झाले. आता नव्या सीडीत तो परत येणार, म्हणून ते घास हातात धरून थांबले.

भाग सुरू झाला आणि संपला.

"ट्रायंगल कुठे गेला?" फोरमननी विचारलं.

"आहे की, भाऊजी. आत्ताच वाजला," मेहुणा म्हणाला.

"आत्ताच वाजला म्हणे! तुम्ही साफसफाईवाले. खरखर झाडता झाडता सूरही झाडून टाकता."

"अहो, खरंच आहे. तबकडीपेक्षा स्वच्छ आहे."

"म्हणजे मी खोटं बोलतोय? का बहिरा झालोय?"

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने ताटाकडे. मग मेहुणा म्हणाला, "तसं नाही, भाऊजी," आणि तेवढंच फोरमनना डिवचायला पुरलं. ते वाट्टेल ते बोलले. रेडिओवरच्या लोकांना कान नसतात, बटणं असतात, इथवर मजल गेली. मेहुण्याने हात धुतले आणि काढता पाय घेतला. फोरमननी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, की मूळ टेपमधला एकही स्वर काढलेला नाही. ते त्यांनी वहीत चिकटवून खाली लिहिलं, 'थापा'.

पुढची दोन वर्षं मेहुणा यायचा तो फोरमन कामावर असताना.

मग शहरातल्या ऑर्केस्ट्राने तीच सिंफनी लावली, रविवारी दुपारी. बायको स्वतः जाऊन तिकिटं घेऊन आली, आणि तीही तीन.

"तिसरं कुणाला?"

"मला एक भाऊ आहे. तुम्ही विसरला असाल."

फोरमननी तोंड वाकडं केलं. पण या मैफलीला न जाणं त्यांच्याच्याने झालं नसतं. बायको दोघांच्या मधे बसली. जागा बाजूच्या सज्जात होत्या, तालवाद्यांच्या जवळजवळ डोक्यावर.

"इथून काय ऐकू येणार?" फोरमन कुरकुरले. "सगळा तोल बिघडतो. ढोल कानाशी आणि व्हायोलिनं तिकडे."

"मिळाली ती घेतली," बायको म्हणाली.

वाजलं मात्र चांगलं. पहिल्या भागात कंडक्टरने घाई केली नाही. दुसऱ्या भागात ओबो सुरू झाला आणि फोरमन पुढे सरकून बसले, कारण वाजवणारी बाई आख्खं वाक्य एका श्वासात घेत होती. नऊपैकी एकाही रेकॉर्डिंगमध्ये असं कुणी घेतलं नव्हतं. त्यांना अकरा वर्षांपूर्वीचा हॉर्नवाला आठवला आणि आपण त्याला फारच दिवस शिव्या घातल्या असंही वाटलं. मेहुण्याकडे पाहायचा मोह झाला. तो त्यांनी आवरला.

चौथ्या भागात ऑर्केस्ट्रा उसळायला लागला तशी खाली वादकांच्या मागच्या रांगेत बसलेली एक जाडसर, चष्मा लावलेली बाई उठली. तिने डाव्या हाताने ट्रायंगल वर धरला, कंडक्टरकडे पाहिलं, आणि कांडी मारली.

आवाज आला नाही.

फोरमनना वाटलं, हुकलं बाईचं. तिने पुन्हा मारली. सळई दोरीला हलताना स्पष्ट दिसली. आवाज नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. भोवती व्हायोलिनं होती, तुताऱ्या होत्या, नगारे तर छातीत वाजत होते. फक्त त्या बाईच्या हाताशी काहीच नव्हतं, जसं काही ती गंमत म्हणून हातवारे करत होती. फोरमननी शेजारी पाहिलं. बायकोने डोळे मिटले होते. "मला काय कळतंय त्यातलं" असं तीस वर्षं म्हणत आलेली ती बाई मांडीवरच्या पर्सवर एक बोट आपटत होती. खाली कांडी पडली की वर बोट पडे. डोळे मिटलेलेच.

अकरा वेळा.

टाळ्या खूप वेळ चालल्या. जिन्यात मेहुण्याने विचारलं, "आवडलं, भाऊजी?" दोन वर्षांत तो त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द होता.

"ओबो छान होता," फोरमन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांची दुपारपाळी होती. सकाळी त्यांनी बायकोला खुर्चीवर बसवलं, सीडी लावली आणि सांगितलं, "ट्रायंगल वाजला की बोट वर कर." तिने का म्हणून विचारलं नाही. अकरा वेळा बोट वर केलं. मग त्यांनी झिजलेली म्हणून बाजूला ठेवलेली तबकडी काढली, पुसली, लावली. बायकोचं बोट तिथेही अकरा वेळा वर गेलं.

फोरमन खाली बसले. "किती दिवस माहीत आहे तुला?"

"चार-पाच वर्षं. दारावरची बेल तुम्हाला ऐकू येईना तेव्हापासून."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं की. तीनदा. तुम्ही बेल बदलून आणलीत."

तिकिटखिडकीवर तिने ट्रायंगलवाली दिसेल अशाच जागा मागितल्या होत्या, हेही तिने तेव्हाच सांगून टाकलं. फोरमन रागावले नाहीत. रागवायला तोंड कुठे होतं?

कान तपासणारी डॉक्टर तरुण होती. तिने त्यांना काचेच्या बंद खोलीत बसवलं, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणाली. फोरमन इमानदारीने थांबले. मधे इतका वेळ काहीच आलं नाही, की यंत्र बंद पडलं असं वाटून त्यांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच पाहत होती.

आलेखावरची रेघ बऱ्यापैकी सरळ निघाली आणि उंच आवाजांपाशी दरीत कोसळली.

"काम काय करता?"

"छापखाना. मशीनघर. एकतीस वर्षं."

"कानांत काही घालत होतात?"

"कापूस. तोही साहेब पाहणीला आले की."

ती हसली नाही. गेलेलं परत येणार नाही, असं तिने सरळ सांगितलं. श्रवणयंत्र लावून बोलणं नीट कळेल, संगीताचं मात्र तिने वचन दिलं नाही.

त्या शनिवारी फोरमन मेहुण्याच्या घरी गेले, एकटे. मेहुणा दार उघडून तसाच उभा राहिला. फोरमननी रस्ताभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तिथे कामाला आलं नाही.

"सीडीत ट्रायंगल आहे," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. कान गेलेत माझे, तुझे नाही. त्या दिवशी बोललो ते चुकलं."

"आत तरी या."

आत बसल्यावर मेहुणा म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं होतं, भाऊजी."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर ऐकलं असतंत?"

दोघांनाही बोलून गेल्यावर त्यातली गंमत कळली. मेहुणा आधी हसला. फोरमननी घटकाभर गंभीर राहायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही.

श्रवणयंत्रं आली. बायकोचं बोलणं, पाण्याचा नळ, वर्तमानपत्राचं पान उलटणं, सगळं एकदम अंगावर आलं. मेहुण्याने घरी येऊन सिंफनी लावून दिली. ट्रायंगल ऐकू आला, पण किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडावा तसा. व्हायोलिनंही पत्र्याची झाली होती. मेहुण्याने बटणं फिरवून पाहिली. शेवटी फोरमननी यंत्रं काढून ठेवली आणि उरल्या कानांनी दुसरा भाग ऐकला. ओबो अजून जागेवर होता. 'घाईवाला' आणि 'दुखवटा' यांच्यातला फरकही अजून कळत होता. मेहुणा आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येऊ लागला. शेवटच्या भागात तो काही न बोलता टेबलावर बोट आपटायचा, आणि फोरमन बोटाकडे बघत ऐकायचे.

निवृत्तीला तीन वर्षं होती. फोरमन आपला आलेख घेऊन व्यवस्थापकांच्या खोलीत गेले आणि तो त्यांच्या टेबलावर पसरला. व्यवस्थापक आधी कामाच्या गडबडीचं बोलले, मग त्यांनी आलेख नीट पाहिला आणि सगळ्यांच्या तपासणीला होकार दिला. महिन्याभरात मशीनघरातल्या अठराही जणांचे कान तपासून झाले. पाच जणांच्या आलेखात तशीच दरी निघाली. त्यातला सर्वांत लहान सव्वीस वर्षांचा होता. कानांवर चढवायचे जाड इअरमफ आले, आणि ते न घालता मशीनघरात पाऊल टाकायचं नाही असा नियम फोरमननी स्वतः दारावर लावला.

चार नंबरच्या मशीनवरचा, ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो एकटा अडून बसला.

"फोरमन, मशीन आवाजावरून कळतं. बेअरिंग बिघडलं तर ते घालून मला कळणार कसं?"

प्रश्न खोटा नव्हता. फोरमननीही एकतीस वर्षं तसंच मशीन ओळखलं होतं. त्यांनी पैलवानाचा हात धरून चालत्या मशीनच्या चौकटीवर, बेअरिंगच्या जागी ठेवला.

"काय लागतंय?"

पैलवानाने तळवा दाबून पाहिला. "एकसारखं चाललंय."

"आता तिकडे ठेव."

पैलवानाने दुसऱ्या टोकाला हात ठेवला, भुवया आक्रसल्या, हात उचलून परत ठेवला. "इथे थोडं थरथरतंय."

"उद्या उघडून बघू," फोरमन म्हणाले.

पैलवानाने खुंटीवरचे इअरमफ काढले, उलटसुलट करून पाहिले आणि डोक्यावर चढवले.