चौथं बोट

बाबा नोव्हेंबरात गेले. फेब्रुवारीत प्रकाशकांचं पत्र आलं. सोनाटांच्या त्यांच्या शेवटच्या प्रतीवर पेन्सिलीनं लिहिलेले बोटांचे आकडे छापायचे होते. गुरुवारी एक बाई प्रत न्यायला येणार होत्या. माझे बाबा, लेबेरेश्ट हाइम, कुठला सूर कुठल्या बोटानं वाजवत, हे पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाला हवं होतं.

कपाटात दोन प्रती निघाल्या. तरुणपणची लाल आणि शेवटच्या सहा वर्षांतली राखाडी. राखाडी चाळताना लक्षात आलं, उजव्या हाताला चार हा आकडाच नाही. अंगठा एक, करंगळी पाच. अनामिका कुठेच नाही. एका ठिकाणी चार लिहून इतका खोडला होता की कागद विरला होता.

बुधवारी आल्विनकाका आले. चाळीस वर्षं आमचा पियानो तेच सुरात लावत. शनिवारी तो गावातल्या संगीतशाळेत जायचा होता, म्हणून शेवटचं लावणं. काम झाल्यावर त्यांनी खसखशीचा केक नावं ठेवत खाल्ला. तुझ्या आईचा असा कोरडा नसायचा, म्हणाले. मग मी प्रत त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी खोडलेल्या चारवर बोट ठेवलं.

"मेलं होतं ते बोट. सहा वर्षं झाली. मी पट्ट्या हलक्या करून द्यायचो."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुझे बाबाच म्हणाले, गेझीनेला सांगू नका. पानं उलटायची सोडून बोटाकडे बघत बसेल."

त्या सहाही वर्षांत, प्रत्येक मैफलीत, मी त्यांच्या डावीकडे बसले होते. पानं उलटणाऱ्यानं हातांकडे बघायचं नाही, नजर कागदावर. मी नऊ वर्षांची असताना त्यांनीच हे शिकवलं होतं, आणि मी ते नेमानं पाळलं. त्यांचं वाजवणं संथ झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला परिपक्वता म्हटलं. मीही चारचौघांत तेच सांगत राहिले.

"त्या बाईंना लाल प्रत दे," काका कोट चढवता चढवता म्हणाले. "बापानं जे झाकलं ते तू छापणार?"

ते गेल्यावर मी पियानोपाशी बसले. अनामिका उचलून धरली आणि राखाडी प्रतीतल्या आकड्यांप्रमाणे संथ भागाची पहिली ओळ वाजवली. तिसऱ्या बोटावरून पाचव्यावर जाताना हात किंचित थांबला. मैफलीत नेमका तिथेच सगळं सभागृह श्वास रोखून बसायचं. मीसुद्धा.

मग लाल प्रतीतले आकडे वाजवले. ओळ सरळ, सफाईदार गेली. ती कोणाचीही असू शकली असती.

गुरुवारी बाईंना मी राखाडी प्रत दिली. दोन पानं उलटून त्यांनी विचारलं, चार कुठे आहे?

"नव्हता," मी म्हणाले. "प्रस्तावनेत तेवढं लिहा."