दाबून धर

"दाब."

दाबला.

"धर. सोडू नकोस."

सोडते कशाला, सकाळपासून हाच धंदा चाललाय माझा. आमचे हे, हरिचंद्र, चाकाशी जमिनीवर आडवे, आणि मी त्यांच्या जुन्या कॉन्टेसा गाडीत ब्रेकवर पाय देऊन. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पाय मारणारं, एक खाली स्क्रू सैल करणारं. लग्न ठरवताना हे कोणी बोललं नव्हतं.

पॅडल तरी मऊच, म्हणजे हवा आत आहेच.

"अहो, जावईबापू मेकॅनिककडे नेतील ना. उद्यापासून गाडी त्यांचीच आहे."

"नातवंडं बसणार तिच्यात. ब्रेक मीच करून देणार."

आनंदनगरच्या कंपनीच्या गाड्या सांभाळण्यात यांचा जन्म गेला. गेल्या महिन्यात तिथूनच येताना मोरिवलीचा, आपल्या घराचा रस्ता विसरले. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. त्यावर हे लागले ब्रेकच्या मागे. पुढचे दोन्ही कॅलिपर, चाक आवळून धरणारे ब्रेकचे भाग, काढून बसले. कॅम्प चारच्या बाजारातून नवी रबरं आणली, पिस्टन घासले आणि सगळं माझ्या परातीत धुतलं. परात गेली ती गेलीच.

"अजून मऊ?"

"लोण्याचा गोळा नुसता. माझा पाय मोडायची वेळ आली, वेणू वेणू करत बसा नंतर."

ते स्क्रू फिरवतच राहिले. म्हणून उतरून बघितलं. हवेचा स्क्रू खालच्या बाजूला आला होता. हवा वर चढते, स्क्रू वरच पाहिजे, हे ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. यांनी डावा कॅलिपर उजवीकडे बसवला होता आणि उजवा डावीकडे.

ते एकदा या चाकाकडे, एकदा त्या चाकाकडे बघत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मीच," मी म्हटलं. "काल झाडताना इकडचा तिकडे ठेवला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शंभरदा सांगितलंय, माझ्या सामानाला हात लावायचा नाही."

"चुकलं."

"चुकलं म्हणून भागतं का? पोरांच्या जिवाशी खेळ आहे हा."

बोलू दिलं. एरवी एक ऐकून घेतलं नसतं.

बोलता बोलताच त्यांनी उजव्या चाकाचा कॅलिपर काढला. आतल्या बाजूला खडूने त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'डावा'. दोघांनीही वाचलं. त्यांनी ते अंगठ्याने पुसलं आणि मला बोलणं चालूच ठेवलं, फक्त आवाज खाली आला.

बाजू बदलून पुन्हा हवा काढली, तेव्हा संध्याकाळी पॅडल कडक लागलं.

"धर."

"धरलाय."

ते स्क्रू आवळून उठले, 'सोड' म्हणायचं विसरून हात पुसत आत गेले. मी पाय काढला नव्हता.