फरशीखालचं पाणी

चौसाळ्यातल्या ज्या घराची हयात टँकरमागं घागरी घेऊन धावण्यात गेली, त्या घराच्या नव्या तळघरात जमीन आपणहून ओली झाली, तर माणसाचं डोकं ठिकाणावर राहील कसं? गहिनीनाथआबांचं राहिलं नाही.

त्यांची सून वनमाला तळघरात शिवणक्लास काढणार होती. फरशी बसवायला आलेल्या सत्तारमिस्त्रीनं आधी काँक्रीटवर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं डकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी उचलला, तर खालच्या अंगाला टपोरे थेंब.

"वैनी, पाणी खालून येतंय. कुठून, ते हुडकल्याबिगर फरशी बसवायची न्हाई," सत्तार म्हणाला.

आबा मात्र हरखले. "आरं, गंगा घरी आली अन् तू तिला हाकलतूस? हितंच फोडू. आड करू."

"आबा, संडासाची टाकी भिंतीपल्याडच हाय. उद्या ती उपसून बघतो. तवर ह्ये पाणी तोंडाला लावू नका."

"तू फरशीचं बघ. पाण्याचं मला कळतंय."

वनमालानं तो कागद नाकाशी धरला. वास होता, पुसट, पण होता. तिनं टाकीच्या बाजूच्या भिंतीकडं पाहिलं. पण सासऱ्यापुढं तोंड उघडायची त्या घरात रीत नव्हती, आणि नसलेला धीर ऐन वेळी कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी सत्तार बाहेर टाकी उपसत होता आणि आत आबांनी गडी लावून काँक्रीट फोडलं. दुपारपर्यंत खड्ड्यात गुडघाभर पाणी चढलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, गल्ली लोटली. पहिला घोट घरच्या लेकीचा म्हणून आबांनी नातीच्या, पाच वर्षांच्या वैष्णवीच्या ओठांना तांब्या लावला. वनमालाचा हात उठला आणि पदरातच थांबला. पोर घटाघटा प्यायली. मग सगळ्यांनी प्रसाद म्हणून बाटल्या भरून नेल्या.

गर्दी पांगल्यावर सत्तार दारात आला. हात कोपरापर्यंत काळे. "वैनी, टाकीचा तळ फुटलाय. सगळी घाण तुमच्या तळघराखाली मुरतीय."

आबांनी हातातला तांब्या उपडा केला. वनमालानं पोरीच्या घशात बोटं घालून तिला ओकायला लावलं, कडेवर घेतलं आणि डोक्यावरचा पदर खाली पडलेला तशीच रस्त्यावर धावली. आयुष्यात पहिल्यांदा ती गल्लीत ओरडली, "पाणी पिऊ नका!"

समोरच्या छबुबाई ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी नातवंडं, मधे रिकामी बाटली.

"काहून गं?" त्या म्हणाल्या. "समद्यांनी घेतलं की. लई गोड हाय."