पाहुणी सवाष्ण

भागीरथीबाईंनी आयुष्यात दोनच गोष्टी जपल्या. एक हाताची चव आणि दुसरी चार लोकांतली लाज. चवीनं त्यांना तीस वर्षं पोसलं. लाजेनं काय केलं ते सांगते, ऐका.

चिकपेटेत साड्यांच्या दुकानांमागच्या बोळात त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा गेला तेव्हा पोटात रूपश्री होती. पोटासाठी त्या रक्ताई भक्त मंडळाच्या स्वयंपाकाला लागल्या. मंडळाचा बंगला मल्लेश्वरमला, भिंती उंच, झाडं दाट. तिथली माणसं, माणसंच म्हणायची, दुसरं काय म्हणणार, दीडशे-दोनशे वर्षांची. सिनेमावाले त्यांना व्हॅम्पायर म्हणतात आणि क्रूस दाखवून पळवून लावतात. ही मंडळी कसली पळतात. सोवळं, एकादशी, उपास, सगळं तुमच्या-आमच्यापेक्षा कडक. चातुर्मासात रक्ताचा थेंब ओठाला लावायची नाहीत.

वर्षातून एकदा, मार्गशीर्ष अमावास्येला, मंडळाचा नाच असे. छावणीतल्या गोऱ्या साहेबांकडून उचललेला शिरस्ता, पण करायचा देवीसाठी. रात्र पोटाची आणि दिवस देवाचा, असं त्यांचं म्हणणं, म्हणून तो भर दुपारी. खिडक्यांना काळी मखमल लावायची, झुंबरं पेटवायची, समया मांडायच्या. आधी आरती व्हायची, मग व्हायोलिनवाले सूर धरायचे आणि पैठण्या नि काळे कोट जोडीजोडीनं गोल फिरू लागायचे. नैवेद्याला एकवीस पदार्थ लागत. खायचं कोणी नाही, पण एकही कमी पडलेला चालत नसे.

आणि शेवटी एक सवाष्ण. परक्या घरची, पाहुणी म्हणून स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडून आलेली. तिला नेसवायचं, सजवायचं, पुरणपोळीचं जेवू घालायचं. मग मंडळाचे अध्यक्ष मुकुंदराव तिचा हात धरून एक फेर नाचायचे आणि तिला देवघरात न्यायचे. दार लागायचं. नंतर ती कुणाला दिसायची नाही.

भागीरथीबाईंना हे ठाऊक होतं का? होतं. तीस जणींना त्यांनी आपल्या हातानं पुरण वाढलं होतं. कामाला लागल्या त्या दिवशी मुकुंदरावांनी देवीपुढं भंडारा उचलून शब्द दिला होता, की तुमच्या घरच्या माणसाला इथं कधी धक्का लागणार नाही. त्या शब्दावर बाई निवांत झोपायच्या. दुसऱ्यांच्या लेकींचं दुसरे बघतील, असं मनाला सांगायच्या. मनाचं काय, सांगाल ते ऐकतं मेलं.

यंदा अमावास्येच्या आधी चार दिवस रूपश्री दारात येऊन उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी तिला आनेकलला दिली होती. हातात एक पिशवी, आणि दंड कोपरापर्यंत काळानिळा.

"मी परत जाणार नाही, आई. तो मारतो."

भागीरथीबाईंचं काळीज हललं, नाही असं नाही. त्यांनी हळद-तेल गरम करून दंडाला चोळलं, आणि चोळता चोळता म्हणाल्या, "सोमवारी परत जायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणी विचारलं तर सांगायचं, चार दिवस पाहुणी आले. घर कुठलं विचारलं तर आनेकल. दंड पदराखाली ठेव. कळलं? सरी?"

रूपश्रीनं मान डोलावली. मग म्हणाली, "सरी."

अमावास्येच्या दिवशी तिला घरी एकटी ठेवावी तर शेजारणी खोदून खोदून विचारणार. त्यापेक्षा सोबत न्यावी, भाजी तरी चिरेल, असा बाईंनी विचार केला. शब्द होताच पाठीशी. घरच्या माणसाला कसली भीती?

बंगल्याच्या दाराशी मंडळाचा पुजारी वादिराज उभा होता. "ही कोण, अक्का?"

मागं व्हायोलिनवाले उभे, फुलवाली उभी, सगळ्यांचे कान इकडेच. खरं सांगायला कितीसा वेळ लागतो? नवरा सोडून घरी आलीय, झालं. पण बाईंची जीभ लाजेच्या वळणाची. "लेक माझी. आनेकलला दिलीय, चांगलं घर आहे. पाहुणी आलीय चार दिवस, सोमवारी जाईल सासरी."

"पाहुणी. बरं," वादिराज म्हणाला. त्यानं रूपश्रीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि वाट दिली.

दुपारी कढईत चिरोटे फुलत होते. रूपश्री दाराच्या फटीतून नाच बघत होती आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसत होती. तेवढ्यात दोन बायका आल्या नि तिला कौतुकानं आतल्या खोलीत घेऊन गेल्या, साडी दाखवतो म्हणून. त्यांच्या मागोमाग वादिराज आला.

"यंदाची सवाष्ण व्हाइटफील्डहून यायची होती. पुण्याकडची, आयटीतली. आत्ता तिचा फोन आला, तब्येत बरी नाही म्हणून. पण देवीला काळजी. तिनं दुसरी दारात पाठवली."

भागीरथीबाईंच्या हातातला झारा कढईत पडला. "ती माझ्या घरची आहे. मला शब्द दिलाय."

"दाराशी तुम्हीच म्हणालात, पाहुणी."

बाई तशाच पिठाच्या हातांनी नाचाच्या दालनात घुसल्या. फिरणाऱ्या जोड्या बाजूला झाल्या. मुकुंदराव थांबले आणि त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही कन्यादान केलंत ना, भागीरथीबाई? हातावर पाणी सोडलंत. सोडलेलं पाणी ओंजळीत परत येत नाही. ती आनेकलची."

"नवरा सोडून आलीय ती," भागीरथीबाई म्हणाल्या. व्हायोलिन थांबलं होतं, आणि त्या सगळ्या शांततेत, सगळ्यांदेखत बोलल्या. "मारतो तो तिला. मी लाजेपायी खोटं बोलले. ती माझीच आहे हो, माझ्याच घरची."

मुकुंदरावांनी विचार केला. अधर्म त्यांना खपत नसे, तेवढं मात्र खरं. "माहेरी आली असेल आणि तुम्ही ठेवून घेतली असेल, तर ती तुमची. आम्ही हातही लावणार नाही. पण हे तिच्या तोंडून ऐकू. तुम्ही मध्ये एक शब्दही बोलायचा नाही. बोललात तर आमचा शब्दही संपला."

रूपश्रीला आणलं. हिरवी पैठणी, कोपरापर्यंत चुडा, मोगऱ्याचा गजरा. दोन वर्षांत कुणी तिच्या केसांना मायेनं हात लावला नव्हता, त्यामुळं तिचा चेहरा उजळला होता. आतल्या खोलीत तिला यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

"पोरी," मुकुंदरावांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुझं घर कुठलं?"

तिनं आईकडं पाहिलं. भागीरथीबाई डोळ्यांनी, मानेनं, सगळ्या अंगानं नको नको म्हणत होत्या. रूपश्रीला वाटलं, आई घाबरलीय, आपण चार लोकांत काही बोलून बसू म्हणून. तिनं पदर दंडावर नीट ओढून घेतला.

"आनेकल," ती म्हणाली. "चार दिवस पाहुणी आलेय. सोमवारी परत जायचं."

आणि आईकडं बघून हसली, बघ, बरोबर सांगितलं ना, अशी.

"मी पढवलंय तिला," भागीरथीबाई पुटपुटल्या.

मुकुंदराव त्यांच्या कानाशी वाकले. "पढवलंत, म्हणजे परत पाठवणारच होतात. खरं की नाही?"

खरं होतं.

पाट मांडला, रांगोळी काढली. नाचाच्या जोड्या कडेला हात जोडून उभ्या राहिल्या. वादिराजानं पुरणपोळीचं ताट आणून भागीरथीबाईंच्या हातात ठेवलं, कारण सवाष्णीला वाढायचा मान तीस वर्षं त्यांचाच होता.

रूपश्री पाटावर बसली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "तूप स्वल्प जास्त घाल."