ओल्या जागेवरची पट्टी

मंजुळाबाईच्या खाटेखाली पाण्याची बाटली होती, आणि तिच्या बरगड्यांमधून निघालेली नळी त्या पाण्यात बुडालेली होती. नवऱ्याची, व्यंकटीची, नजर बाटलीवरून हलत नव्हती. गाईनं धडक दिली, बरगडी मोडून फुप्फुसात घुसली आणि तिथून हवा गळायला लागली. देवणीहून लातूरच्या या दवाखान्यात आणलं तेव्हा बाटलीत त्या गळक्या हवेचे सारखे बुडबुडे उठत होते. परवा ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फुप्फुसाला टाके घातलेच नाहीत. म्हणाले, फुप्फुसावर पट्टी चिकटवलीय. ओल्या जागीही धरते, आणि जखम भरली की आपोआप विरघळून जाते.

विरघळून जाते! तिथंच व्यंकटीच्या मनात पाल चुकचुकली. जन्मभर त्यानं शेतातली पाइपलाइन जोडली होती. मोटार बंद करायची, पाइप कोरडा करायचा, सोलुशन लावायचं आणि सकाळपर्यंत पाणी सोडायचं नाही. इथं तर सगळं ओलंचिंब, आणि श्वासाची मोटार चालूच.

म्हणून "जोरात खोका, कफ सुटला पाहिजे," असं सांगून डॉक्टर वळले, की तो बायकोच्या कानाशी लागायचा.

"खोकू नगंस. निघंल ती पट्टी."

"आवं, छातीत घरघर व्हायलीय."

"होऊ दे. आन् लई दम भरून घिऊ नगंस."

आज सकाळी तिला ताप भरला. तनुजा सिस्टरनं छाती तपासली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी, खोकत नाही का तुम्ही? कफ साचलाय. न्यूमोनिया झाला तर जिवावर बेतेल."

मंजुळाबाईनं नवऱ्याकडं बोट केलं. "ह्यांचा हुकूम न्हाई."

"काका?"

"ओल्यावर कुटं चिकटतं का, बाई? तुमी शिकलेल्या, पर पाइप मी जोडलेत. मोटार बंद केल्याबिगर..."

"मंग माजी मोटार करा की बंद घडीभर!" मंजुळाबाई म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू फुटलं. हसता हसता खोकला उसळला. छातीशी उशी आवळून ती खोकतच राहिली.

व्यंकटी घाबरून खाटेखाली वाकला. एकही बुडबुडा नव्हता.

"नळीच तुंबली आसंल," तो म्हणाला.

"तुंबली असती तर पाणी हललं असतं का? नीट बघा," सिस्टर म्हणाली.

नळीतलं पाणी मंजुळाबाईच्या श्वासासरशी वर चढत होतं, खाली येत होतं. तो बराच वेळ बघत राहिला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि थुंकायचं भांडं त्यानं तिच्यापुढं धरलं.

"खोक आता," तो म्हणाला. "पर दमानं. मला खाली बघू दे."