खालची शंभर पेरं

"हे बघ, पहिल्या वर्षी एक पेर आणि यंदा चार!" साधनाकाकूंनी अहवालातल्या निळ्या खांबावर तर्जनी उभी धरली. भाताचं पाणीही त्या असंच मोजतात. "चौपट गं! फॉर्मवर सही करून टाकते. पेन दे."

काकू सिंगापुरात, वुडलँड्सच्या आमच्याच ब्लॉकमध्ये, दोन मजले खाली, एकट्या राहतात. मी कामावर असताना आर्या त्यांच्याकडे असते. काकांच्या माघारी उरलेलं सगळं त्या या गुंतवणूक फंडात घालणार होत्या, कारण अहवालातले आलेख त्याच कंपनीत नोकरीला असलेल्या प्रबोधने, माझ्या नवऱ्याने, काढले होते.

"आपल्या माणसाचं काम. त्यात बघायचं काय?"

मी बघितलं. खांबांच्या तळाशी शून्य नव्हतंच. बारीक अक्षरांत शंभर लिहिलं होतं. म्हणजे एकशेएकाचे एवढ्या वर्षांत जेमतेम एकशेचार. पेन माझ्या हातातच राहिलं. प्रबोधच्या नोकरीच्या पासची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, मुदत दोन महिन्यांत संपत होती, ती वाढवणं कंपनीच्याच हातात होतं, आणि काकूंच्या पोटात काही राहत नाही.

"काकू, हे खांब खालून कापलेत."

"कापलेत कसे? छापलेत की चांगले!"

मी आर्याचा चित्रांचा कागदी रोल आणला. काकूंच्याच पेराच्या मापाने खालची शंभर पेरं आखायला घेतली. कागद सोफ्यापासून निघाला, टेबलाखालून गेला आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचला. आर्या त्याच्या बाजूने रांगत होती. "मम्मा, सो लाँग लाह!"

काकू गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. दोन लांबच लांब खांब, शेजारीशेजारी, जवळजवळ सारखे. टोकाला तीन पेरांचा फरक.

"एवढंच?"

"एवढंच."

तेवढ्यात प्रबोध आला. बूट काढता काढता दारातच थांबला.

"काय रे, खालचं कापलंस होय?"

"काकू, वरून सांगतात तसं करावं लागतं. सगळेच करतात. आकडा एकही खोटा नाही त्यात."

"आकडे कोण वाचतंय, बाबा? मी बोटाने वाचते."

त्यांनी फॉर्मची घडी पिशवीत ठेवली. "उद्या आर्याला नेहमीच्या वेळी सोड," मला म्हणाल्या. जाताना त्याला 'येते' म्हणाल्या नाहीत.

प्रबोध सोफ्यापाशी खाली बसला आणि रोल गुंडाळू लागला, शून्यापासून. कागदावर पाय पडू नये म्हणून कडेकडेने सरकत. बराच वेळ लागला.